डांबर आलं, दांडा काढ!

मुलांनो, आमचं नागापूर म्हणजे अहिल्यानगरच्या एमआयडीसीला चिकटलेलं गाव. मनमाडकडे जाणारा मोठा रस्ता इथूनच जातो. त्यामुळे आमच्या शाळेतल्या मुलांना पक्ष्यांची नावं एक वेळ सांगता येणार नाहीत, पण गाडीचा नुसता आवाज ऐकून "बाई, हा दहा चाकी," "बाई, ही जीप," असं ती डोळे मिटून सांगतात! कुणाचे वडील कारखान्यात, कुणाचे काका गॅरेजात, कुणाचा भाऊ टेम्पोवर. मग गाड्यांचं वेड लागणारच.

मागच्या आठवड्यात वर्तुळाचा धडा चालू होता. फळ्यावर मी एकाच मध्यबिंदूभोवती एक लहान आणि एक मोठं अशी दोन वर्तुळं काढली. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

"बाई, जीपची चारी चाकं ओढतात ना, मग वळताना ती एकमेकांशी भांडत नाहीत का?"

सगळा वर्ग हसला. मी मात्र हसले नाही. कारण चाकांचं हे भांडण मी एकदा स्वतः पाहिलंय, आणि त्या भांडणात एका मुलाचा जीव जाता जाता वाचलाय. ती गोष्ट सांगतेच. पण आधी भांडण कशावरून होतं ते समजून घेऊ या.

कवायतीतली रांग

तुम्ही २६ जानेवारीच्या संचलनाची तयारी केली असेल. चार-चार मुलांच्या रांगा चालत असतात. मैदानाच्या कोपऱ्यावर आलं की रांगेला वळायचं असतं. तेव्हा आतल्या बाजूचा मुलगा काय करतो? तो जवळजवळ जागच्या जागी पावलं टाकतो. आणि बाहेरच्या बाजूचा? तो बिचारा मोठाल्या ढांगा टाकत जातो. दोघांनी सारखीच पावलं टाकली तर रांग मोडलीच म्हणून समजा.

तुमच्या आजोबांना विचारा, ते खळ्यातल्या मळणीचं उदाहरण देतील. खळ्याच्या मधोमध तिवडा रोवलेला असायचा. त्याला ओळीने बैल बांधून कणसांवरून गोल गोल फिरवायचे. तिवड्याजवळ म्हातारा, शांत बैल बांधायचे आणि सगळ्यात बाहेर तरणाबांड. का? कारण बाहेरच्याला जास्त चालावं लागतं! भूमिती न शिकता आपल्या शेतकऱ्याला वर्तुळाचा परीघ असा पक्का ठाऊक होता.

गाडीच्या चाकांचंही तसंच आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक मोठ्या वर्तुळावरून जातं आणि आतलं लहान वर्तुळावरून. किती फरक पडतो? वही-पेन्सिल घ्या. समजा, जीपच्या डाव्या आणि उजव्या चाकात सव्वा मीटर अंतर आहे. जीपने एक पूर्ण गोल फेरी मारली, तर दोन वर्तुळांच्या त्रिज्यांत १.२५ मीटरचा फरक पडला. म्हणून परिघातला फरक २ × ३.१४ × १.२५ = ७.८५ मीटर. म्हणजे बाहेरचं चाक जवळपास आठ मीटर जास्त चालतं! आणि गंमत अशी, की गोल लहान असो की मोठा, हा फरक तेवढाच राहतो. विश्वास बसत नसेल तर पाच मीटरची आणि पन्नास मीटरची त्रिज्या घेऊन करून पाहा.

बैलगाडीत ही अडचण येत नाही. तिचं प्रत्येक चाक कण्यावर सुटं, आपापलं फिरतं. शिवाय ओढायचं काम बैल करतात, चाकं नुसती मागे येतात. मोटारीत मात्र इंजिन चाकांनाच फिरवतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली, तर वळताना एक चाक म्हणणार "मला जास्त फिरू दे," आणि दुसरं म्हणणार "मला कमी." झालं भांडण सुरू!

भांडण मिटवणारी पट्टी

हे भांडण मिटवायला माणसाने जी युक्ती काढली तिला डिफरन्शियल म्हणतात. ट्रकच्या मागून वाकून पाहा. चाकांच्या मधोमध एक मोठा लोखंडी गोळा दिसेल. डिफरन्शियल त्यात बसलेलं असतं. (उभ्या ट्रककडेच पाहायचं, तेही मोठ्या माणसाला बरोबर घेऊन आणि लांबूनच!) फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या कारागिराने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी याचं पेटंट घेतलं. तेव्हा पेट्रोलवर चालणारी मोटार जन्मालाही आली नव्हती.

ते चालतं कसं? घरी एक प्रयोग करा. तीस सेंटीमीटरची पट्टी टेबलावर आडवी ठेवा आणि मधोमध बोट लावून पुढे ढकला. दोन्ही टोकं सारखी पुढे जातील. आता मित्राला एक टोक हलकेच अडवायला सांगा. ते टोक मागे राहील आणि दुसरं जास्त पुढे जाईल. पण तुमचं बोट? ते दोन्ही टोकांच्या सरासरीइतकं पुढे जातं. डिफरन्शियल म्हणजे हीच पट्टी, फक्त दातेरी चाकांची आणि गोल गोल फिरणारी.

पण या पट्टीत एक खोट आहे. मित्राने एक टोक घट्ट धरून ठेवलं तर सगळी हालचाल दुसऱ्या, मोकळ्या टोकाकडे जाते. मोटारीतही तेच होतं. एक चाक चिखलात गेलं की ते गरागरा फिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं चाक ढिम्म उभं राहतं. पावसाळ्यात रुतलेली गाडी तुम्ही पाहिली असेलच. ड्रायव्हर इंजिनाचा आवाज वाढवतो, एकच चाक फिरतं, आणि ढकलायला आलेल्या सगळ्यांच्या कपड्यांवर चिखलाची रांगोळी!

चारी चाकं कामाला

म्हणून मग विचार आला, की मागच्या दोन चाकांबरोबर पुढच्या दोघांनाही कामाला लावावं. मागची रुतली तर पुढची ओढतील. अशा गाड्या मोटारींच्या सुरुवातीच्या काळातही बनत होत्या. पण जगभर नाव झालं ते दुसऱ्या महायुद्धात आलेल्या छोट्या जीपगाडीमुळे. ती चिखलातून, वाळूतून, ओढ्यातून कुठूनही जायची. आपल्याकडे १९४७ मध्ये महिंद्रा कंपनीने विलीज जीपचे सुटे भाग मुंबईत जोडून गाड्या तयार करायला सुरुवात केली. पुढे ही जीप लष्करात, पोलिसांत आणि गावोगावच्या सरकारी कामात इतकी रुळली, की कुठलीही उंच, उघडी गाडी दिसली की आपण तिला जीपच म्हणतो.

जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असायचे. त्यातला एक ढकलला की पुढची चाकंही इंजिनाला जोडली जायची. आता काही गाड्यांत त्या जागी नुसतं बटण असतं.

आता त्या मुलाचा प्रश्न पुन्हा वाचा. चारी चाकं इंजिनाला जोडली. पुढच्या जोडीत एक डिफरन्शियल, मागच्या जोडीत एक. म्हणजे डाव्या-उजव्याचं भांडण मिटलं. पण पुढचे आणि मागचे? वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या गोलावरून जातात. पावसात ओल्या मातीवर सायकल वळवा आणि मागे वळून पाहा, दोन चाकांच्या दोन वेगळ्या रेघा दिसतील.

याचंही गणित करू. जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत दोन मीटर अंतर धरा. मागच्या जोडीचा मध्य पाच मीटर त्रिज्येच्या गोलावरून गेला, तर पायथागोरसच्या नियमाने पुढच्या जोडीच्या मध्याची त्रिज्या २९ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ५.३९ मीटर येते. एका फेरीत मागची जोडी ३१.४ मीटर चालते आणि पुढची ३३.८ मीटर. जवळजवळ अडीच मीटरचा फरक! (लहान दोस्तांनो, हे गणित ताईला-दादाला सोडवायला द्या.)

जुन्या पद्धतीच्या जीपमध्ये दांडा टाकला की पुढची आणि मागची जोडी एकमेकींना घट्ट बांधली जाते. दोघींनी सारखंच फिरायचं. चिखलात चालून जातं, कारण तिथे चाक थोडं घसरतं आणि फरक मिटून जातो. कोरड्या डांबरावर मात्र चाक सहजासहजी घसरत नाही. मग सगळा ताण आतल्या दांड्यांवर आणि दातेरी चाकांवर येतो. स्टीअरिंग जड होतं, टायर घासतात. मागची चाकं ढकलत राहतात, पुढची अडून बसतात, आणि गाडी वळायला कुरकुर करते. आपण वळवतो आणि ती म्हणते, "मी सरळच जाणार!"

मामाची जीप

आता ती गोष्ट. मी तेव्हा डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते. गणपतीच्या सुट्टीत अकोले तालुक्यात मामाकडे गेले होते. डोंगराकडचा भाग, भाताची खाचरं, पाऊस नुकताच उघडलेला. मामाकडे जुनी जीप होती. खाचराकडून घरी येताना वाटेत गुडघाभर चिखल लागला. मामाने दांडा टाकला, जीप गुरगुरली आणि तरंगल्यासारखी बाहेर आली. मी तर टाळ्याच वाजवल्या!

पुढे डांबरी रस्ता लागला. ऊन पडलेलं, रस्ता खडखडीत कोरडा. चिखल मागे राहिला आणि दांडा तसाच राहिला. मामाच्या लक्षात आलं नाही.

"आज स्टीअरिंग का जड लागतंय गं?" मामा म्हणाला.

आणि मी काय म्हणावं? "मामा, चल की जोरात. फोर-व्हील आहे, हिला काय होतंय?"

हे वाक्य मला आजही टोचतं. मामाने माझं ऐकलं.

ओढ्यावरच्या पुलाआधी एक काटकोनात वळण होतं. मामाने स्टीअरिंग फिरवलं, पण जीप पुरती वळलीच नाही. ती रुंद गोल घेत रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेली. समोरून एक शाळकरी मुलगा सायकलवर दुधाच्या किटल्या अडकवून येत होता. मामाने ब्रेक दाबला. त्या मुलाने सायकल सरळ गटारात घातली. किटल्या पडल्या, पांढराशुभ्र ओघळ रस्त्यावर. आम्ही त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबलो होतो.

"बाळा, लागलं का रे?" मामा धावला. मुलाचं कोपर सोललं होतं. तो रडत नव्हता. तो नुसता सांडलेल्या दुधाकडे पाहत होता. मग म्हणाला, "आता घरी काय सांगू?"

मामाने त्याला घरी सोडलं, दुधाचे पैसे दिले, हात जोडून माफी मागितली. मी जीपमध्येच बसून होते. खाली उतरायचं धैर्य मला झालं नाही. चूक मामाच्या हाताची होती, पण "जोरात चल" हे माझ्या तोंडचं होतं ना?

संध्याकाळी गॅरेजच्या मिस्त्रींनी जीप पाहिली. टायरला काही झालं नव्हतं, ब्रेकही ठीक होते. दांडा मात्र इतका अडकून बसला होता, की ओढून निघेना. मिस्त्रींनी जीप सरळ रेषेत थोडी मागे घेतली. आत पिळलेला ताण सुटला आणि खट्‌कन आवाज होऊन दांडा निघाला.

मिस्त्री म्हणाले, "भाऊ, फोर-व्हील चिखलातून निघायला असतं. वळायला न्हाई, आन्‌ थांबायला तर न्हाईच न्हाई."

दुसऱ्या दिवशी मामाने पांढऱ्या रंगाने जीपच्या आत, अगदी स्टीअरिंगसमोर, मोठ्या अक्षरांत लिहिलं : "डांबर आलं, दांडा काढ!"

दहा रुपयांचा हिशेब

मिस्त्रींचं वाक्य नीट समजून घेऊ. चार चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की गाडी निघते चांगली. पण थांबायचं काय? ब्रेक तर सगळ्याच मोटारींच्या चारी चाकांना असतात! म्हणजे थांबताना फोर-व्हीलवाल्याला वेगळी चैन नाही. उलट अशी गाडी बहुधा वजनदार असते.

आणि वळायचं काय? समजा जत्रेत तुमच्या खिशात दहाच रुपये आहेत. आठ रुपयांची भेळ खाल्ली, तर पाळण्याला दोनच उरतात. टायरची रस्त्यावरची पकड अशीच मोजकी असते. ती ब्रेकमध्ये खर्च केली, तर वळायला थोडीच उरते. म्हणून शहाणा ड्रायव्हर वळणाच्या आधीच वेग कमी करतो आणि मग वळतो. वळणात शिरल्यावर करकचून ब्रेक दाबणारा माणूस रिकाम्या खिशाने पाळण्यात बसायला निघालेला असतो.

शिवाय वेग दुप्पट झाला की वळायला लागणारी पकड दुप्पट नाही, चौपट लागते. २० च्या वेगाने एका रुपयात होणारं वळण ४० च्या वेगाने चार रुपये मागतं आणि ६० च्या वेगाने नऊ! त्यातून रस्त्यावर पहिल्या पावसाचा चिकट ओलावा असेल किंवा उसाच्या ट्रॉल्यांच्या चाकांनी आणलेला चिखल असेल, तर खिशात दहा रुपये तरी कुठले? पाचच असतात.

नव्या काही गाड्यांत पुढच्या आणि मागच्या जोडीच्या मध्येही तिसरं डिफरन्शियल असतं, किंवा गरज पडेल तशी ताकद वाटून देणारी यंत्रणा असते. त्या गाड्या डांबरावरही चारी चाकांनी निवांत वळतात. पण दहा रुपयांचा हिशेब त्यांनाही चुकलेला नाही.

रणगाडा कसा वळतो?

आपल्या अहिल्यानगरला वाहनांचं फार मोठं माहेर आहे. डीआरडीओची वाहन संशोधन संस्था, म्हणजे व्हीआरडीई, इथेच आहे. लष्करासाठीच्या गाड्यांवर तिथे संशोधन होतं, आणि खास बांधलेल्या रस्त्यांवर वाहनांच्या चाचण्या होतात. तसंच इथे १९९४ पासून लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. देशोदेशीचे जुने रणगाडे तिथे ओळीने उभे आहेत.

तिथे सहल नेली तेव्हा मुलांना मी एकच प्रश्न दिला होता : "रणगाड्याची पुढची चाकं डावी-उजवीकडे वळतात का?" मुलं वाकवाकून पाहू लागली. उत्तर : नाही! रणगाड्याला दोन बाजूंना दोन पट्टे. डावीकडे वळायचं तर डावा पट्टा हळू आणि उजवा जलद. कवायतीतलीच रांग! आतला हळू, बाहेरचा जलद. काही रणगाडे तर एक पट्टा पुढे आणि दुसरा मागे फिरवून जागच्या जागी गिरकी घेतात. म्हणजे मोटारीत चाकं आधी वळतात आणि वेगातला फरक मागून पडतो. रणगाड्यात वेगातला फरक पाडूनच वळण घेतात.

आता तुमची पाळी

पहिला उद्योग. मैदानात दोघांनी एक लांब काठी दोन टोकांना धरा आणि एका दगडाभोवती गोल चाला. आतल्याची आणि बाहेरच्याची पावलं मोजा.

दुसरा उद्योग. पाटीवर एक काड्यापेटी आडवी आणि एक उभी ठेवा. पाटी हळूहळू तिरकी करा. कोणती आधी पडते? उंच गाडीच्या टपावर माणसं आणि सामान लादून वळण घेतलं तर काय होईल, याचं उत्तर ती काड्यापेटी देईल. (पेटी रिकामीच घ्या!)

तिसरा उद्योग जरा अवघड आहे. पुढच्या वेळी गाडीत बसाल तेव्हा "जोरात चला ना!" असं म्हणायचं नाही. हसू नका, करून पाहा. मागे बसलेल्यांच्या बोलण्यानेही गाडीचा वेग वाढतो, हे मी स्वतः शिकलेय.

पालकांनाही दोन शब्द. मुलांना मांडीवर घेऊन स्टीअरिंग धरायला देऊ नका. ते कौतुक महागात पडतं. गाडीच्या दाराशी किंवा मागच्या फळीवर पोरांना लटकू देऊ नका. पट्टा असेल तर तो लावा, त्यांनाही लावा. आणि गाडी चार चाकांनी ओढणारी असली, तरी वळणावर तिला दोन चाकांच्या गाडीइतकंच सांभाळून घ्या.

त्या मुलाला वर्गात मी उत्तर दिलं, "हो रे, भांडतात. आणि भांडण मिटवायची युक्ती कुठे वापरायची आणि कुठे नाही, हे गाडीला कळत नाही, चालवणाऱ्याला कळावं लागतं."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाई, त्या दूधवाल्या मुलाला तुम्ही नंतर भेटलात का?"

भेटले. दिवाळीत पुन्हा मामाकडे गेले तेव्हा पुलाजवळ तो दिसला, तीच सायकल, त्याच किटल्या. या वेळी मी जीपमधून खाली उतरले. "त्या दिवशी जोरात चालवायला मीच सांगितलं होतं," असं त्याला सांगून टाकलं. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग कोपर वर करून म्हणाला, "बघा, डागसुद्धा राहिला नाही," आणि घंटी वाजवत निघून गेला.

त्याच्या कोपरावरचा डाग गेला, मुलांनो. माझ्या मनावरचा मी मुद्दामच ठेवलाय.

तुमच्या बाई